बरणीतला तुकडा



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आम्ही इंदापूरहून बारामतीला जाणाऱ्या एस.टी.त बसलो होतो. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात प्लॅस्टिकची जाड पिशवी आणि त्या पिशवीत रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बरणी. निमगाव केतकी मागे पडले तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी पिशवीकडे बोट दाखवून विचारले, "काय, लेकीला लोणचं चाललंय का?" आम्ही म्हणालो, "नाही दादा, दवाखान्याचं आहे." त्यांनी पुढे काही विचारले नाही आणि आम्हीही काही सांगितले नाही.

त्या बरणीत आमच्या आत्याच्या कमरेवरचे कातडे होते. त्याच दिवशी सकाळी इंदापुरातल्या एका डॉक्टरांनी ते कापून काढले होते. निघताना आत्या आम्हाला म्हणाली, "आरं, कापल्यालं कातडं कशापायी घिऊन हिंडतुस? दे टाकून उकिरड्यावर. दुखनं गेलं न्हवं?"

आत्याचा हा प्रश्न आपल्या पुष्कळ घरांत विचारला जातो. गाठ काढली, डाग काढला, चामखीळ काढली, आता त्या तुकड्याचे काय करायचे? आजच्या सदरात याच प्रश्नाचे उत्तर देण्याचे आम्ही योजले आहे. मात्र त्याआधी आमच्या घरातली एक जुनी हकीकत सांगणे भाग आहे.

आमच्या एका चुलत्यांच्या टाचेवर काळा डाग होता. ते जन्मभर उसाच्या फडात राबले. काटा मोडला असेल, कोयत्याची मूठ लागली असेल, असे म्हणत त्यांनी वर्षभर काढले. कोणीतरी सांगितले म्हणून चुना आणि धुण्याचा सोडा कालवून त्यावर लावला. डाग जळाला, पुन्हा वर आला, चिघळला. मग एका दवाखान्यात तो कापला. कापलेला तुकडा कोरड्या कापसात गुंडाळून काड्यापेटीत घालून आमच्या हाती दिला आणि पुण्याला तपासायला न्या म्हणून सांगितले. मे महिना होता. त्या दिवशी गाडी चुकली, दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुण्यात पोहोचलो. प्रयोगशाळेतल्या बाईंनी काड्यापेटी उघडली आणि मान हलवली. तुकडा वरून वाळला होता आणि आतून सडला होता. अहवालात एकच ओळ आली, नमुना तपासण्याजोगा नाही. टाचेची जखम भरली, म्हणून आम्हीही गप्प बसलो. पुढे जांघेत गाठी आल्या आणि दीड वर्षात चुलते गेले. तो डाग कसला होता हे आम्हाला आजही माहीत नाही, कारण ज्या तुकड्याने ते सांगितले असते तो काड्यापेटीतच संपला होता.

गोऱ्या लोकांत त्वचेचा काळा कर्करोग बहुधा उन्हाने पोळलेल्या अंगावर येतो. आपल्याकडे तो विरळा आहे, पण येतो तेव्हा पुष्कळदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली येतो. हे आम्हाला फार उशिरा समजले. म्हणून आत्याच्या वेळी आम्ही प्रत्येक पायरीवर विचारीत गेलो. जे पाहिले आणि ऐकले ते आपल्यासमोर ठेवीत आहोत.

प्रथम आत्याच्या दुखण्याविषयी. आत्या सत्तरीची आहे. पन्नास वर्षे नऊवारी कमरेला आवळून बांधत आली. जेथे निऱ्यांची आणि गाठीची ओढ बसते तेथे तिच्या उजव्या कुशीवर कातडीला घट्टा पडला, मग रंग उडाला, मग भेग पडली. ती भेग सव्वा वर्ष भरून आली नाही. जागा अशी की दाखवायची लाज. हळद झाली, राख झाली. शेवटी लेकीने न्हाऊ घालताना पाहिले आणि दवाखान्यात नेले.

हे दुखणे आपल्या देशाच्या चांगलेच ओळखीचे आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयातील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई या सहकाऱ्यासह १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या रोजच्या सवयींमधून होणारे कर्करोग हा त्याचा विषय होता. त्यात धोतराच्या घट्ट गाठीखाली कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद आहे. पुढे लुगड्याच्या आणि परकराच्या नाडीखालीही तोच प्रकार आढळला. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्यातील एकीचे दुखणे जांघेतील गाठीपर्यंत पोहोचले होते. कमरेवरची न भरणारी भेग लाजेने झाकून ठेवण्याची किंमत केवढी असते ते यावरून दिसते.

जुन्या व्रणात उपजणाऱ्या अशा कर्करोगाला मार्जोलिन या फ्रेंच शल्यवैद्याचे नाव आहे. त्याने १८२८ साली व्रणातील जखमांचे वर्णन केले होते. आपल्या बारामती-इंदापूर भागात गुऱ्हाळे आहेत, काहिलीतल्या उकळत्या रसाने भाजलेली माणसे आहेत, चुलीवर भाजलेल्या बाया आहेत. भाजल्याचा डाग वीस-तीस वर्षांनी फुटला, चिघळला आणि भरत नसेल तर ते मलमाचे काम नव्हे. तुकडा काढून तपासलाच पाहिजे.

आत्याच्या जखमेच्या काठाचा गव्हाएवढा तुकडा डॉक्टरांनी आधी काढून तपासला होता. त्यात कर्करोग निघाला. मग सगळी जखम भोवतालच्या चांगल्या कातडीसकट काढायची ठरली. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी आम्हाला बसवून सांगितले, "कापणे हे माझे अर्धे काम. काढलेला तुकडा नीट पाठवणे हे उरलेले अर्धे."

कातडी कापली की लगेच आकसते, कारण तिच्यात रबरासारखे तंतू असतात. आत्याच्या कमरेवर मोजली तेव्हा ती पट्टी ६ सेंटिमीटर लांब होती, बरणीत ५ सेंटिमीटर भरली. म्हणून डॉक्टर कापण्याआधीच मोजमाप लिहून ठेवतात. तुकडा बहुधा होडीच्या आकाराचा काढतात, म्हणजे जखम सरळ रेषेत शिवता येते. परंतु ही होडी एकदा अंगावेगळी झाली की तिची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे कापणारालाही पाच मिनिटांनी सांगता येत नाही. त्यासाठी खुणेचा टाका घालतात. आत्याच्या तुकड्याला डोक्याकडच्या कडेला आखूड दोरा होता आणि बेंबीकडच्या टोकाला लांब दोरा. कागदावर डॉक्टरांनी कंबर काढली, होडी काढली, दोन्ही दोरे दाखवले. चित्र काही सुरेख नव्हते, पण पुढे त्यानेच काम केले.

त्या कागदावर आणखी काय काय होते? पूर्ण नाव, वय, अंगाची जागा, उजवी बाजू की डावी, दुखणे किती दिवसांचे, आधी काय काय लावले, आधीच्या तपासणीत काय निघाले, आणि डॉक्टरांना कशाची शंका आहे. पुष्कळ ठिकाणी "कातडीचा तुकडा" एवढेच लिहून पाठवतात. मग तपासणाऱ्याची अवस्था पत्ता नसलेले पत्र हाती आलेल्या पोस्टमनसारखी होते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ते खरे असते, पण त्याचा अर्थ लावायला माणसाची हकीकत लागते.

आता बरणीतल्या पाण्याविषयी. ते साधे पाणी नव्हे. ते फॉर्मालिन. बाजारी फॉर्मालिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग, त्यात आंबटपणा येऊ नये म्हणून क्षार घालून ते तयार करतात. यामुळे मांसातील प्रथिने एकमेकांत गुंफली जातात आणि सडण्याची क्रिया थांबते. ते तुकड्यात हळूहळू मुरते, तासाला साधारण १ मिलिमीटर. तुकड्याच्या किमान दहापट फॉर्मालिन असावे लागते. चहाच्या कपाएवढ्या बरणीत मूठभर मांस कोंबून वर चमचाभर द्रव ओतला तर बाहेरचे टिकते आणि आतले नासते. सलाइनमध्ये तुकडा टिकत नाही. कोरड्या कापसात वाळतो. बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर पेशींत बर्फाचे कण होतात आणि पेशी फाटतात.

वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. जनावराचे कातडे काढल्यावर त्याच दिवशी मीठ लावले नाही तर ते हातचे जाते, हे आपल्या आज्या-पणज्यांना पक्के ठाऊक होते. ते काम गावाने आपल्या माथी मारले होते आणि त्याच कामावरून आपल्याला विटाळ मानले होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे आणि मेलेल्याचे मांस खाणे सोडा असे सांगितले, आणि आपण ते सोडले. सोडले ते योग्यच केले. पण कातडे सडते कसे आणि टिकते कसे, ही विद्या होती. फॉर्मालिनमधील फॉर्मल्डिहाइड हे द्रव्य कातडे कमावण्याच्या धंद्यातही वापरले गेले आहे. आज तीच विद्या पांढरा अंगरखा घालून प्रयोगशाळेत शिकवली जाते आणि तिला विकृतिशास्त्र म्हणतात. आपल्या मुला-मुलींनी तेथे बिनधास्त जावे. तंत्रज्ञ व्हावे, डॉक्टर व्हावे.

एक नोंद मात्र घ्यावी. फॉर्मालिन विषारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत घातले. म्हणून बरणी वाटेत उघडू नये, वास घेऊ नये, पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर ते कधीच भरून घेऊ नये. घरात लहान मूल असले आणि रात्र काढावी लागली तर बरणी कुलपात ठेवावी.

बारामतीच्या प्रयोगशाळेत आम्ही बरणी दिली तेव्हा तंत्रज्ञ मुलीने आधी बरणीवरचे नाव आणि कागदावरचे नाव शेजारी शेजारी धरून वाचले. आम्ही विचारले, "ताई, नाव झाकणावर का नाही लिहीत?" ती म्हणाली, "काका, एका टेबलावर दहा बरण्या उघडल्या की झाकणं एकासारखी एक. ह्याचं झाकण त्याला बसलं की माणूस बदलला." नाव बरणीच्या अंगावरच हवे, हे आम्ही तेव्हा शिकलो.

पुढे काय होते ते तिने आणि तेथील डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले. तुकडा फॉर्मालिनमध्ये पुरता मुरू देतात. मग बाहेर काढून टिपकागदाने कोरडा करतात, लांबी, रुंदी, जाडी मोजतात आणि खुणेचे दोरे पाहून कडांना शाई लावतात. आत्याच्या तुकड्याला वरच्या कडेला निळी आणि खालच्या कडेला काळी लावली. ही शाई पुढच्या साऱ्या धुण्या-उकळण्यात टिकते आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेघेसारखी दिसते. कर्करोगाची पेशी त्या रेघेला भिडली असेल तर त्या बाजूला रोग अंगात राहिला असण्याचा संभव असतो. न भिडली तर कड मोकळी.

शाई वाळली की अळूवडीचा उंडा कापतात तसा तो तुकडा आडवा कापतात. एकेक चकती २ ते ३ मिलिमीटरची. दोन्ही टोके वेगळी ठेवतात, कारण टोकाकडूनही रोग पुढे गेला आहे का ते पाहायचे असते. या चकत्या नंबर घातलेल्या छोट्या जाळीच्या डब्यांत जातात. तेथून अल्कोहोलमध्ये, म्हणजे पाणी निघून जाते. मग झायलीनमध्ये, म्हणजे अल्कोहोल निघून जाते. मग वितळलेल्या मेणात. मेण थिजले की तुकड्याची वडी होते आणि ती यंत्राच्या पात्यावर ४ मायक्रॉन जाडीची कापतात. १ मिलिमीटरमध्ये १,००० मायक्रॉन असतात, म्हणजे १ मिलिमीटरच्या २५० पापुद्र्या. पापुद्रा काचेवर घेऊन रंगवतात. पेशीचे केंद्र निळे-जांभळे दिसते आणि बाकीचे गुलाबी. त्यातला निळा रंग मुळात अमेरिका खंडातील एका झाडाच्या लाकडापासून काढलेला.

आम्ही हिशेब केला. चकती ३ मिलिमीटरची आणि पापुद्रा ४ मायक्रॉनचा, म्हणजे चकतीचा साडेसातशेवा भाग. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणूनच तर कुठे बघायचं ते सांगावं लागतं. संशयाची जागा कळली तर तिथले आणखी पापुद्रे घेता येतात. तुकडा वेडावाकडा कापला, तिरका सोलला, जाळला, चिमट्याने चेंगरला तर आम्ही काय बघणार?" काळ्या डागाच्या बाबतीत तर रोग कातडीत किती मिलिमीटर खोल गेला यावर पुढचे उपचार ठरतात. अमेरिकेतील ब्रेस्लो या विकृतितज्ज्ञाने १९७० साली हे मोजमाप दाखवून दिले. डाग वरवर सोलून काढला तर ती खोली मोजायची सोयच राहत नाही. चुना-सोड्याने जाळला तर काहीच राहत नाही. आमच्या चुलत्यांचे तेच झाले.

आठ दिवसांनी अहवाल आला. वरची कड मोकळी, दोन्ही टोके मोकळी, खोलवरची बाजू मोकळी. खालच्या कडेला, काळ्या शाईपाशी, पेशी भिडलेल्या. आम्ही हबकलो. डॉक्टर मात्र म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. कुठली कड ते कळलंय." त्यांनी फक्त खालच्या बाजूची बोटभर पट्टी पुन्हा काढली. तीही बरणीत घातली, तिलाही दोरा बांधला. आम्ही तीच पिशवी घेऊन निमगाव केतकी, लासुर्णे, भवानीनगर असे करीत पुन्हा बारामती गाठली. या खेपेला सगळ्या कडा मोकळ्या आल्या. दोरा नसता तर कोणत्या बाजूला कापायचे हे कोणालाच कळले नसते. मग एक तर सगळीकडून पुन्हा कापावे लागले असते, नाही तर देवावर हवाला ठेवून बसावे लागले असते.

आत्या आता बरी आहे. लुगडे सैल नेसते, दर तीन महिन्यांनी कंबर आणि जांघ दाखवून येते. लाज मात्र अजून पुरती गेलेली नाही. तिला नेताना लेक बरोबर लागते.

वाचकांनी पुढील गोष्टी कात्रण करून दवाखान्याच्या कागदांत ठेवाव्यात :

१. गाठ, डाग, चामखीळ, न भरणारी जखम, काहीही कापले तरी "तुकडा तपासायला पाठवणार ना?" असे विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे. पाठवण्याची गरज नसेल तर कारण विचारा.

२. तुकडा न्यायला आपल्याकडे दिला तर बरणी रुंद तोंडाची आहे, द्रव तुकड्याच्या किमान दहापट आहे आणि झाकण घट्ट आहे हे पाहा. काही विशेष तपासण्यांना फॉर्मालिन चालत नाही. अंगावर फोड येण्याचे काही रोग आहेत, क्षय किंवा बुरशीचे जंतू वाढवून पाहायचे असतात. त्यासाठी वेगळे तुकडे वेगळ्या द्रवात देतात. ते डॉक्टरांनी ठरवायचे, आपण बदल करायचा नाही.

३. बरणीच्या अंगावर नाव, वय, जागा, बाजू आणि तारीख आहे का ते वाचा. वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या. एकापेक्षा जास्त तुकडे असतील तर प्रत्येकाची बरणी वेगळी हवी.

४. आधी काय लावले, कोणाकडून जाळले, पूर्वी कोठे कापले हे डॉक्टरांना लाजू नका, सांगा आणि कागदावर लिहायला लावा.

५. अहवाल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरी ठेवू नका. "कडा मोकळ्या आहेत का?" हा प्रश्न विचारा.

६. मेणाच्या वड्या आणि काचा प्रयोगशाळेत जपून ठेवतात. दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात, मुंबईला टाटामध्ये जायची वेळ आली तर त्या मागून घ्या. तेथे त्या पुन्हा पाहतात.

पूर्वी अशा तपासणीसाठी आपल्या भागातून पुण्याच्या वाऱ्या कराव्या लागत. २०१९ साली बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा महाविद्यालयात विकृतिशास्त्राचा विभाग असावाच लागतो. अंतर कमी झाले तरी इंदापूरच्या वाडीवरून निघालेला तुकडा सूक्ष्मदर्शकापर्यंत नीट पोहोचवण्याचे काम अजूनही पुष्कळदा घरच्या माणसाच्याच हाती असते. ते हमालीचे काम समजू नये. आमच्या चुलत्यांच्या वेळी आम्ही ते तसे समजलो होतो.

परवा आत्या भेटली. तिने विचारले, "त्या बरनीतलं कातडं मग टाकलं का न्हाई?" आम्ही सांगितले, "नाही आत्या, मेणात घालून ठेवलंय, तुझं नाव लिहून." ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझ्या चुलत्याचं बी तसं ठिवाया पायजे हुतं."